कुंडी भंडारा पडद्यावर उतरतो तेव्हा

आपल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी संगणकावर कुंडी भंडाऱ्याचे चित्र करायचे ठरवले, आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की आम्ही पालक मदतीला (खरे म्हणजे शिकायला) बसू लागलो. १६१५ च्या सुमाराची, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी नुसत्या उतारावर शहरात आणणारी ही योजना आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. २०२४ साली तिचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून मुलांना तिचा विशेष अभिमान.

कुंड्या शंभराच्या आसपास. त्या एकेक काढत बसायचे नव्हते. एक काढली आणि 'ट्रान्सलेट' या आज्ञेने पुढे पुढे सरकवली. सरकवणे, फिरवणे, लहानमोठे करणे, तिरपे करणे या साऱ्याला मिळून ट्रान्सफॉर्म म्हणतात. वेबपानांत ही सोय २००८ च्या सुमारास येऊ लागली, आता ती प्रत्येक मोबाइलवर आहे.

खरी गंमत कोपऱ्यातल्या रांगोळीने केली. एक पाकळी काढून ४५ अंशांनी आठदा फिरवली, तर फूल होईना. सगळ्या पाकळ्या एकमेकींवर चढून काड्यांची चांदणी झाली. शेवटी कागदाची पाकळी कापली आणि टाचणी मधोमध टोचून फिरवली. मग टाचणी देठाशी टोचली. संगणक आपणहून टाचणी मधोमध टोचतो, देठाशी हवी असेल तर तसे सांगावे लागते. ते सांगितले आणि कमळ उमलले.

आज्ञांचा क्रम अंगणात समजला. एका मुलाला सांगितले, "चार पावले पुढे जा, मग उजवीकडे वळ." तो तुळशीपाशी उभा राहिला. दुसऱ्याला सांगितले, "आधी उजवीकडे वळ, मग चार पावले जा." तो थेट गोठ्याच्या दारात! शब्द तेच, जागा निराळी. पडद्यावरही असेच होते.

फोटो मोठा केला तेव्हा त्याखालचा मजकूर झाकला गेला. आम्हाला वाटले होते, मजकूर आपोआप खाली सरकेल. तो सरकत नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या पाटावर कोणी कितीही झुकला, तरी त्याचा पाट जागचा हलत नाही, तसेच हे. दिसणे बदलते, पण पानातली मूळ जागा तेवढीच राहते.

सगळे जमल्यावर मुलांना जोर चढला. पान उलटताना अख्खा पडदा गरगर फिरावा, अशी योजना झाली. एका विद्यार्थिनीच्या आजी बघायला आल्या. दुसऱ्याच पानाला त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. त्यांना चक्करेचा त्रास आहे, हे घरच्यांनाही त्या क्षणी आठवले नाही. आम्ही ओशाळलो.

अशा लोकांसाठी मोबाइलमध्ये 'हालचाल कमी करा' अशी सोय असते आणि ती चालू आहे का, हे आपले पान तपासू शकते. पण ती सोय किती आज्यांना ठाऊक असणार? म्हणून आम्ही पान मुळात स्थिरच ठेवले. ज्याला फिरवायचे त्याने बटण दाबावे. "मग एवढं केलं कशाला?" मुले रुसली. दराबा आणला तेव्हा कुठे समेट झाला.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. या वेळी चित्र त्यांनी निवांत, चष्मा पुसून पाहिले. बोट बोगद्यावर थांबले.

"का रे, पाणी चढावर कसं जाईल?"

जागेत बसावा म्हणून मुलांनी बोगद्याची पट्टी आरशासारखी उलटी केली होती. पट्टीवरची अक्षरे उलटी दिसली तेव्हा तेवढी सुलटी केली, उताराकडे मात्र कोणाचे लक्षच गेले नाही. आमचेही नाही. डोंगराकडचे टोक खाली आणि शहराकडचे वर! एक उणे चिन्ह खोडले आणि पाणी पुन्हा शहराकडे निघाले.