मधला स्पीकर

बडोद्याच्या निजामपुऱ्यात दुपारी खिडक्या लावून घेतल्या की रस्त्यावरची वाहनं दूर जातात आणि खोली ऐकण्याजोगी होते. घरच्या संगणकाला पाच स्पीकर आणि सबवूफर जोडायचा, तर ही शांतता आधी हवी. पिना बसवणं सोपं आहे: हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची. खरं काम पुढे, कान लावून बसण्याचं.

साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडून चाचणी लावावी. एकेका कोपऱ्यातून आवाज उमटतो आणि रोजची खोली नव्याने कळते. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे पाठीशी नव्हे, कानांच्या किंचित मागे. आवाजाला मीटरभर अंतर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणून जवळच्या स्पीकरला तेवढं थोपवून धरायचं, की सगळे आवाज बसणाऱ्याजवळ एकदमच पोचतात. हा मेळ एकदा साधला की सिनेमातला पाऊस खरोखर आपल्या भोवती पडतो.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला स्पीकर. माणसांचं बोलणं तिथे असतं. पुष्कळ घरांत तक्रार असते, गाण्यांनी कानठळ्या बसतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. कारण बहुधा असं: संगणकाने सहा स्पीकर धरलेले असतात, जोडलेले दोनच. मधला आवाज कुठेच पोचत नाही. स्पीकरची खरी संख्या निवडली की तोच आवाज दोन्हींत मिसळून येतो आणि म्हाताऱ्या कानांनाही शब्द लागतात. नवे स्पीकर घेण्याआधी एवढं जरूर पाहावं.

हा ध्वनी आवळून साठवणाऱ्या कोडेकचं कसबही विलक्षण आहे. सहा वाहिन्यांचा ध्वनी जसाच्या तसा ठेवला, तर सेकंदाला ४६०८ किलोबिट लागतात. डीव्हीडीवरचा डॉल्बी बहुधा ४४८ मध्ये भागवतो. मोठ्या आवाजाआड जे कानाला जाणवत नाही, ते तो सोडून देतो. असा आवळलेला ध्वनी उलगडायला पूर्वी वेगळे कोडेक शोधत हिंडावं लागे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ते बहुतेक सगळे आतच असतात, तेही फुकट.

आणि हे बडोदं आहे. मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली. फैयाज खाँसाहेब इथे दरबारगायक होते, १९५० साली इथेच वारले. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि ध्वनीची वाहिनी एकच. तो आवाज पाच स्पीकरांत पसरवायची सोय प्रोग्रॅम देतात. ती वापरू नये. त्याने गळ्याचा भरदारपणा विरतो. घरात अशी तबकडी असेल तर ती संगणकावर फ्लॅक फाइलमध्ये उतरवून ठेवा, त्यात काही गळत नाही. ऐकताना बाकीचे स्पीकर बंद करा आणि एकच समोर ठेवा.