द्राक्षांच्या गावची विमाने

नाशिकहून आग्रा रोडने निघाले, की वीसएक किलोमीटरवर ओझर लागते. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे आणि मधूनच डोक्यावरून असा गडगडाट, की पाहुण्याचे वाक्य तोंडातच राहावे. गावकरी मात्र मान वर करीत नाहीत.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ साली ठरला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचेच खासदारही! रशियन मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी ती वाटणी. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. पत्त्यावर मात्र अजूनही ‘ओझर मिग’च लिहितात.

असल्या कारखान्याची मिळकत केवळ त्याच्या कुंपणाआड मोजून भागत नाही. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे सातपूरला लहानसे वर्कशॉप आहे. विमानाचा एक सुटा भाग करायचा, तर धातू कुठल्या भट्टीतला, कोणी कापला, कोणी तपासला, याची नोंद ठेवावी लागते. “मुलीच्या पत्रिकेचीसुद्धा एवढी चिकित्सा होत नाही, सर,” ते म्हणाले. पण त्या चिकित्सेनेच त्यांच्या कारागिरांचा हात बसला. विमान परदेशातून आणले, तर ते विमानच तेवढे येते. असा हात त्याबरोबर येत नाही.

मात्र हाताला काम हवे. ओझरला दोनशेंहून अधिक सुखोई बांधले गेले आणि जुनी मागणी पुरी होत आली तेव्हा या गृहस्थांचे दोन तरबेज कारागीर पुण्याला मोटारींच्या धंद्यात निघून गेले. तयार व्हायला दहा वर्षे, जायला एक एस.टी.! डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला. पण ते दोघे अजून पुण्यातच आहेत.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए येथूनच उडाले. वर्षाला ८ विमानांची ही नवी मांडणी. आराखडा आपला, जोडणी आपली. इंजिन मात्र अमेरिकेचे आणि ते वेळेवर न आल्याने या विमानांचे वेळापत्रक पुढे पुढे गेले. स्वदेशी कावेरी इंजिनावर १९८० च्या दशकापासून काम चालू आहे. तेजसला ते अजून लाभलेले नाही.