आधी पाणी, मग रॉड

2 मे
शाळेला सुट्टी लागली. या सुट्टीत रॉडने मासे धरायला शिकायचं ठरवलंय. शेजारच्या बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मास्तर, आधी नदीवर चला. काय घ्यायचं ते मग बघू."

उन्हाळ्यात आमच्याकडच्या नद्यांची धार तुटते आणि पाणी डोहाडोहांत उरतं. बाबांनी एकेक डोह दाखवला. खोल कुठे, पाण्याखाली खडक कुठे, मरळ वर कुठे येते. मरळीला हवेतला श्वास लागतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ती वर येतेच. बघणाऱ्याला तिची जागा कळते.

घरी येऊन टिपून ठेवलं: उभं राहायला दोन खडकांमधली जागा, डोक्यावर करंजाच्या फांद्या, समोर वीस-पंचवीस पावलांवर खोल पाणी, मासे बहुतेक किलोच्या आतबाहेरचे. रॉड यावरूनच ठरवायचा.

5 मे
बाबांची काठी हातात घेऊन बघितली. मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव बांबू. पेरांवरच्या गाठी तासलेल्या, मंद आचेवर शेकून सरळ केलेली. शेंड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, त्याला शिशाचा मणी, गळ आणि गांडूळ. रीळ नाही. मासा ओढायला लागला की शेंडा वाकतो, तंगुसावरचा हिसका काठी सोसते. रॉडचं मुख्य काम हेच. रिळामुळे आणखी दोन गोष्टी मिळतात: गळ लांब टाकता येतो आणि मोठ्या माशाला दोरी सोडता येते.

9 मे
मोखाडा, त्र्यंबकेश्वरमार्गे एसटीने नाशिक गाठलं. दुकानात दहा फुटी, एकात एक सरकणारे रॉड पुढे आले. दिसायला भारी, पण आमच्या करंजाखाली फिरवणार कसे? साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा रॉड घेतला.

मुठीच्या वर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं: लांबी, किती पौंडाची दोरी, किती ग्रॅम वजन फेकायचं. माझ्या रॉडवर 5 ते 20 ग्रॅम आहे. लहान शिसं आणि गांडुळाला तेवढं पुरतं.

कार्बनचा रॉड हलका, माशाची टोच लगेच हाताला कळते. पण खडकावर आपटून चरा गेला तर तिथेच मोडू शकतो. शिवाय त्यातून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना तो हातात नकोच. फायबरग्लास जड, पण धक्के सोसणारा. आमचा काठ खडकांचा, म्हणून फायबरग्लास.

घेण्याआधी प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवला. कडीला तडा असेल तर कापसाचा तंतू अडकतो. तीच चीर पुढे दोरी कापते. मग रॉड जोडून बुडाकडून डोळा लावला. सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात.

10 मे
आज रिळाबद्दल लिहितो. काल 2500 आकाराचं स्पिनिंग रीळ घेतलं. या जातीच्या रिळाचं पेटंट 1905 मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने घेतलं. तो कापडगिरणीवाला. गिरणीत बॉबिन जागेवर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटतं, तीच रीत इथे आहे. फेकताना दोरी गुंडाळलेलं स्पूल फिरत नाही, म्हणून शिकाऊ हातातही गुंता कमी होतो. बेटकास्टिंग रिळात स्पूलच फिरतं. अंगठ्याने वेळेवर दाबलं नाही की दोरीचा गुंता झालाच. ते नंतर शिकावं.

बेअरिंग किती, याची जाहिरात फार होते. मी ड्रॅग तपासला, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक. त्याचं मळसूत्र अर्धवट आवळून दोरी हळूहळू ओढली. ती अडखळत, हिसके देत सुटली तर रीळ परत करावं. सलग सुटली तर घ्यावं. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, ड्रॅगवर नको.

14 मे
आठ पौंडांची, म्हणजे साधारण साडेतीन किलो ताण सोसणारी साधी नायलॉनची दोरी भरली. स्पूलच्या काठाला दोन मिलिमीटर जागा सोडली. जास्त भरली की वेटोळी एकदम सुटतात, कमी भरली की गळ लांब जात नाही. ड्रॅग ताणकाट्याला बांधून किलोभर ताणावर सुटेल असा लावला. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान ठेवायची रीत आहे.

गाठ: दोरी गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग नव्या फासातून, थुंकीने ओली करून हळू आवळायची. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तिथेच कमजोर होते.

18 मे
पहिला मासा, तळहाताएवढी चिलापी. रॉड वाकला, ड्रॅग दोनदा कुरकुरला, दोरी टिकली. बाबा म्हणाले, "वाकू द्या, ओढू नका." कापून उरलेला तंगूस खिशात घालून घरी आणला. तो काठावर टाकला की पाखरांच्या पायात अडकतो.

धरणावर जायचं असेल तर आधी विचारायचं. बऱ्याच जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. मासळीचं बीज त्या सोडतात, तेव्हा परवानगी त्यांचीच.

12 जून
पाऊस लागला. ओहोळ वाहते झाले, वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढायला लागले. त्यांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी आहेत. आता चढणीच्या वाटेवर मी गळ टाकणार नाही. पुढच्या उन्हाळ्यातले डोह याच गाभोळीतून भरतात. रॉड पुसला, ड्रॅग सैल केला आणि ठेवून दिला.

पहिला रॉड घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: दुकानात जाण्याआधी आपल्या पाण्यावर जाऊन या. रॉडची लांबी, रिळाचा आकार, दोरीची ताकद तिथेच ठरते. आणि मासे चढत असताना थांबायचं, हेही तिथेच.