समोरच्याला आपण दिसतो का?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा मुख्य रस्ता अपुरा पडू लागतो. लाईन बाजार, भगवा चौक आणि पुढे शियेमार्गे महामार्गाला मिळणाऱ्या या रस्त्यावर राजाराम साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आणि डबल ट्रॉल्यांची भर पडते. कॉलेजची मुलं, पाळीला निघालेले कामगार, दूधवाले त्यांच्या कडेनंच मोटारसायकली काढतात.

इथं धडक झाली की चारचाकीचा चालक म्हणतो, "गाडी दिसलीच नाही." वाहनसुरक्षेच्या अभ्यासकांना हे वाक्य नवं नाही, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. समोरून मोटारसायकल अरुंद दिसते. मोटारीच्या काचेशेजारच्या खांबाआड ती अख्खी झाकली जाते. शिवाय दिसली तरी अंदाज चुकतो. लहान वस्तू लांब आहे, तिला पोहोचायला वेळ लागेल, असं डोळ्याला वाटतं आणि चालक बिनधास्त वळण घेतो. संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या वाहनानं मोटारसायकलची वाट अडवली होती.

म्हणूनच भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. पण एवढ्यानं भागत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या २००४ सालच्या अभ्यासात चमकदार किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांना गंभीर इजेचा धोका ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे मात्र हेल्मेट काळं, जाकीट काळं आणि रेनकोटही काळाच.

रस्त्यावरची जागाही तितकीच महत्त्वाची. पुढच्या ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. ट्रॉली आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत शिरणं तर जिवावरच बेतू शकतं. चौकात वेग कमी हवा, बोटं ब्रेकवर हवीत.

रात्री प्रश्न उलटतो: समोरचं आपल्याला दिसतं का? बाहेर लोंबणाऱ्या उसानं ट्रॉलीचे मागचे दिवे झाकले जातात. ट्रॉली अचानक दिसून भान येईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगात मोटारसायकल २५ मीटर पुढे जाते. तोवर ब्रेक दाबलेलाही नसतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

या दिवाळीत घरच्या मोटारसायकलस्वारासाठी हलक्या रंगाचं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घ्या. आणि ट्रॉलीमालकांनो, बैलगाडीवानांनो, ऊस भरून झाला की मागचा रिफ्लेक्टर उघडा आहे ना, हे पाहूनच गाडी रस्त्यावर आणा.