रोड्स बेटावर काय पाहावं

रोड्सचं नाव काढलं की लोक आधी विचारतात, "तो अवाढव्य पुतळा पाहिला का?" पुतळा नाही. सूर्यदेव हेलिओसची ती कांस्यमूर्ती इसवी सनपूर्व २८०च्या सुमारास उभी राहिली आणि साठ वर्षांच्या आत भूकंपात पडली. आज मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणं आहेत, लोक तिथंच फोटो काढतात. सातव्या शतकात अरबांनी पुतळ्याचं भंगार विकलं, ते ९०० उंटांवरून गेलं, असंही सांगतात. हे लिहिणारा थेओफानिस दीडशे वर्षांनंतरचा, आणि अनेक अभ्यासकांना ते पटत नाही. पुतळा गेला, ठपका मात्र शाबूत.

धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला असतो, त्याच्यामुळे मला हे ग्रीक बेट बघायला मिळालं. तटबंदीच्या आतलं जुनं गाव १९८८पासून जागतिक वारसा यादीत आहे. सरदारांची गल्ली आणि ग्रँड मास्टरचा राजवाडा सगळेच पाहतात, तुम्हीही पाहा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की मूळ राजवाडा १८५६च्या दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला होता. आज दिसतो तो इटालियनांनी १९३०च्या दशकात बांधून काढलेला.

ख्रिस्ती सरदारांनी १३०९पासून बेट राखलं. १५२२मध्ये सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घातला आणि शेवटी त्यांना शस्त्रांसह जाऊ दिलं. त्याच्या नावाची गुलाबी मशीद सॉक्रेटिस रस्त्याच्या वरच्या टोकाला आहे. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. समोर हाफिज अहमद आगा यांचं ग्रंथालय, १७९३चं. अरबी, फारसी, तुर्की हस्तलिखितं. खरेदीची पिशवी घेतलेले पर्यटक दारावरून पुढे जातात. माझा पाय तिथून निघेना.

मुराद रईसचं कबरस्तान बंदराजवळच आहे. पुरुषांच्या कबरीवरच्या दगडाला पगडी कोरलेली. मला तुर्की येत नाही, पण लिपी आपलीच. 'मरहूम' वाचता आलं, 'रूहुना फातिहा' वाचता आलं. भाऊ म्हणाला, "भाईजान, इथे गाईड तुम्हीच." मी फातिहा पढलो.

१९२३मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली, तेव्हा क्रीट बेटावरचे मुसलमान गेले. रोड्स त्या वेळी इटलीकडे होतं, म्हणून इथले राहिले. १९४७मध्ये बेट ग्रीसला मिळालं. इथे मुसलमान अजूनही आहेत, इब्राहिम पाशा मशिदीत नमाज होते. पण १९७०च्या दशकात तुर्की माध्यमाची शाळा बंद झाली. मुलं ग्रीकमध्ये शिकतात. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः उर्दूच्या पोरांना मराठी शिकवून पोट भरतो. पण तुर्कस्तानने तर १९२८मध्येच लिपी बदलली होती. म्हणजे पणजोबांच्या कबरीवरचं नाव पणतू वाचू शकत नाही, आणि चिपळूणकडचा एक मास्तर अडखळत का होईना वाचतो. दरवर्षी पटसंख्येचे तक्ते भरणाऱ्याला हे बोचतंच.

लिंडोसला सकाळी लवकर जा. पुरातन गडावर सावली नाही, आणि चढाला गाढवं मिळत असली तरी पायी चढावं, त्या मुक्या जनावरांकडे पाहवत नाही.

जुन्या गावातला यहुदी मोहल्ला बहुतेकांच्या यादीत नसतो. तिथलं काहाल शालोम हे सिनॅगॉग १५७७चं, ग्रीसमध्ये आजही वापरात असलेल्यांपैकी सर्वांत जुनं. जुलै १९४४मध्ये नाझींनी रोड्समधून १६००हून अधिक यहुदी ऑशविट्झला नेले. जेमतेम दीडशे वाचले. तुर्कस्तानचे तरुण कॉन्सल सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी जर्मन अधिकाऱ्याला सांगितलं, की तुर्की नागरिकाशी लग्न केलेली माणसंही तुर्कीच ठरतात. असा कायदाच नव्हता. त्यावर चाळीसेक जण सुटले. पुढे तुर्कस्तानच्या वकिलातीवर जर्मनांनी बॉम्ब टाकले, त्यात जखमी झालेली त्यांची बायको वारली.

ह्या चौकात समुद्री घोड्यांचं कारंजं आहे, आणि मारल्या गेलेल्यांसाठी काळ्या दगडाचा स्तंभ. त्याच्यावर अनेक भाषांत एकच मजकूर कोरला आहे. आम्ही इंग्रजी वाचला.