आधी कोणतं तंजावर?

राजधानी पाहायला जायचं म्हटलं की आपण आधी वेळ मोजतो: किती दिवस, कोणती गाडी, दुपारी देवळं बंद असताना कुठे बसायचं. कावेरीच्या या पट्ट्यात मात्र त्याही आधी एक प्रश्न समोर येतो. कोणती राजधानी?

तिरुनागेश्वरम् कुंभकोणम्‌च्या अगदी लगतचं गाव. इथून पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर तंजावर: राजराज चोळाचं, मग नायकांचं आणि पुढे भोसल्यांचं. उत्तरेला कोळ्ळिडम ओलांडून गेलं की गंगैकोंडचोळपुरम; राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, राजधानी तिकडे हलवली. कुंभकोणम्‌च्या दुसऱ्या अंगाला पळैयारै, चोळांचं आणखी एक राहतं ठिकाण, आता शेतं आणि काही देवळं. आणि पूर्वेला हाकेच्या अंतरावर तिरुविडैमरुदूर. १७९८ साली तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंग भोसले तिथे येऊन राहिले. म्हणजे गादीवरून उतरलेल्या राजाचं गावही आमच्या यादीत बसत होतं.

यादी माझी. मी आणि आई दोघीही इथे पहिल्यांदाच येत होतो. मी तमिळ वाचते, बोलताना अडखळते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे तिच्याहून म्हातारे. हातात तीन दिवस. ज्यांच्याकडे उतरलो ते काका आणि काकू तंजावरी मराठी. काकांच्या बोलण्याला तमिळचा हेल आहे, आणि मधूनच एखादा शब्द असा येतो की मी तो फक्त बखरीत वाचलेला असतो. मला ते ‘अम्मा’ म्हणायचे, आईला ‘अक्का’.

नकाशे पसरले ते त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर. काकांनी ओळखीच्या ड्रायव्हरला बोलावलं होतं आणि त्याचा आराखडा तोंडपाठ होता. पहिल्या दिवशी नवग्रह: पहाटे पाचला निघायचं, तिंगळूरचा चंद्र, आलंगुडीचा गुरू, सूर्यनारकोविल, कंजनूरचा शुक्र, वैदीश्वरन कोविलचा मंगळ, तिरुवेंकाडूचा बुध, पुढे केतू, तिरुनळ्ळारचा शनी, आणि रात्री परत आपल्याच गावात राहू. दुसऱ्या दिवशी तंजावर, दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम, तिन्ही ‘मोठी’ देवळं. हे तिन्ही मिळून जागतिक वारसा आहेत (तंजावर १९८७ पासून, बाकीची दोन २००४ पासून), म्हणून ती एका दिवसात बसलीच पाहिजेत असं त्याला मनापासून वाटत होतं. तिसरा दिवस कापडखरेदीला.

या आराखड्याला मी हसणार नाही. ज्यांना एकच रजा मिळते, ज्यांच्या सोबत म्हातारी माणसं असतात, त्यांच्यासाठी तो माणूस विचार करत होता, आणि आईला तर नवग्रह हवेच होते. कितीतरी वर्षं मनात धरलेली गोष्ट. मला हवी होती एक भिंत. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या नैऋत्य बाजूच्या ओवऱ्यांत सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, ती.

माझ्या मनात एक धास्तीही होती. तंजावर पाहून आलेल्या मराठी माणसांची वर्णनं मी ऐकली आहेत आणि त्यांचे प्रकार दोनच. एक, ‘आपला’ राजवाडा किती पडका ठेवलाय. दुसरा, छाती फुगवून, कुठे पुणे आणि कुठे कावेरी, तरी आपण पोचलो. दोन्हींत तंजावर दिसत नाही. आईने या गावाकडे एकदाच पाहायचं असेल, आणि ती पुन्हा येण्याची शक्यता मला फारशी दिसत नव्हती, तर या दोहोंपैकी एक घेऊन तिने परतू नये एवढंच मला हवं होतं.

गाइड घ्यायचा की नाही यावरही ओट्यावर बरंच झालं. मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथे सर्रास सांगतात. पडते; कोणत्याही संध्याकाळी बघावं. काका म्हणाले, गोष्टींसाठी वाद घालायचा तर आपल्या गावापासून सुरू करा. इथल्या नागनाथस्वामी देवळात राहूवर दुधाचा अभिषेक करतात तेव्हा दूध निळं होतं अशी श्रद्धा आहे. आणि गावातलाच विष्णू ‘उप्पिलियप्पन’. त्याच्या नैवेद्यात मीठ नसतं. उप्पु म्हणजे मीठ, उप्पिली म्हणजे मिठावाचूनचा. गोष्ट अशी की मार्कंडेयाची मुलगी इतकी लहान होती की तिला मीठ घालून रांधताही येत नव्हतं, आणि देवाने अळणी जेवण पत्करून तिच्याशी लग्न केलं. त्याच देवाचं दुसरं नाव ‘ओप्पिलियप्पन’: ओप्पु इल्लाद, ज्याला जोड नाही असा. एका स्वराचा फरक. अनुवादक म्हणून मी कोणतं नाव मराठीत आणलं असतं? ‘अनुपम’ लिहिलं तर स्वयंपाकघर जातं, ‘अळणी’ लिहिलं तर देव जातो. देवळाने दोन्ही ठेवली आहेत.

म्हणून माझं मत असं झालं: गाइड घ्यावा, पण आपण आपल्या डोळ्यांनी पाहून झाल्यावर. आधी घेतला तर त्याच्या गोष्टींपलीकडे नजर जात नाही.

शेवटी ठरलं ते हे. एक दिवस, एकच राजधानी, आणि उलट्या क्रमाने: सगळ्यात अलीकडचं आधी, राजराज शेवटी. मोठं देऊळ प्रथम पाहिलं की राजवाडा केविलवाणा वाटतो, आणि मग ती ‘पडका ठेवलाय’ची कुरकुर सुरू होते. हस्तलिखित वाचतानाही मी कधीकधी समासातल्या टिपा आधी वाचते. शिवाय दुपारी देऊळ बंद, आणि अनवाणी पायांना तो दगड चारनंतरच सोसवतो. आईच्या गुडघ्यांनी हा क्रम लगेच मान्य केला. ड्रायव्हरला तो पटला नाही. ‘पाट्टी, देवाला शेवटी?’ असं त्याने आईलाच विचारलं. आई म्हणाली, आरतीला तर शेवटीच जातात.

तर सकाळी सरस्वती महाल. नायकांच्या काळापासूनचं ग्रंथभांडार, सरफोजींनी वाढवलेलं. १९१८ पासून सार्वजनिक. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, मोडी कागद. इथल्याच शाहजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत. आज कोणत्या संपादकाकडे ते घेऊन गेलं तर ‘वाचक कोण?’ असं तो विचारेल. मग वाडा. नायकांच्या दरबारात सरफोजींचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. आई बराच वेळ त्या टोकदार टोपीकडे बघत राहिली. शिवगंगेच्या तळ्याशेजारी श्वार्ट्झचं चर्च, आत फ्लॅक्समनने घडवलेला संगमरवरी देखावा: मरणाऱ्या पाद्र्याच्या उशाशी त्याचा शिष्य, राजा. दुपारचं जेवण केळीच्या पानावर.

चार वाजून गेल्यावर देऊळ. बाहेरची पहिली कमान मराठ्यांची, तिच्या आतली दोन गोपुरं चोळांची, नंदी नायकांच्या काळचा. १०१० साली पुरं झालेलं शिखर साठ मीटरहून उंच, पण आईला मी आधी डावीकडच्या ओवऱ्यांकडे नेलं.

देवनागरी. एवढ्या तमिळ दगडांत ती अक्षरं दिसली आणि आईने चष्मा पुसला. ती मोठ्याने वाचू लागली: मालोजी, शहाजी, व्यंकोजी. वाक्य संपेना, क्रियापद येईना. प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका बघून पुढे गेल्या. एका शाळकरी मुलीने थांबून विचारलं, ‘हिंदीया?’ आई म्हणाली, ‘मराठी.’ मुलीने मान हलवली आणि आईबरोबर तीही बोटाने अक्षरं गिरवत राहिली, वाचता येत नसताना.

१८०३ हे साल मला तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. सरफोजींकडे उरला होता किल्ला, मानधन आणि पुस्तकं. म्हणजे ही भिंत कोरली गेली ती राज्य हातून गेल्यावर चारच वर्षांनी, आठशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच राजाच्या देवळात, आणि पूजेला येणाऱ्या बहुतेकांना न वाचता येणाऱ्या भाषेत. मला त्यात विजयाची घोषणा दिसेना. कचेरीत दाखल केलेल्या जबानीसारखं ते वाटलं: आम्ही कोण, कुठून आलो, कोणामागून कोण.

आईला ओळी झेपेनाशा झाल्या तेव्हा आम्ही शिखराच्या पायथ्याशी आलो. तिथे राजराजाचे लेख आहेत. राजाने, त्याच्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी जे दिलं ते सगळं दगडावर कोरावं, असा हुकूम. पुढे हिशेब: दागिने, दिवे, आणि देवळासाठी आणून वसवलेल्या चारशे नर्तकी, प्रत्येकीचं नाव, आळी, घर कितवं ते, आणि वर्षाला शंभर कलम भात. मी आईला अडखळत सांगत होते. थोरल्या बहिणीसाठी लेखात शब्द आहे ‘अक्कन’.

‘आक्का?’ आई म्हणाली.

‘आक्का.’

तिने परत जाऊन भोसल्यांची भिंत बघितली नाही. त्या पायथ्याशीच बसली, हात दगडावर ठेवून, आणि त्या चारशेंपैकी काहींची नावं वाचून दाखव म्हणाली. मला त्या जुन्या लिपीत एकही नाव लागेना. शेजारी बसलेल्या गाइडला तेव्हा मी पैसे दिले. त्याने सावलीची गोष्ट सुरू केली. सावली त्याच्या पायांशीच पसरली होती. आई त्याला म्हणाली, ते राहू दे, बायकांची नावं सांग.

परतताना गाडीत तिने ड्रायव्हरला सांगितलं की उद्या नऊ ग्रह नकोत. राहू गावातलाच आहे, तो पहाटे चालत जाऊन होईल. बाकी दिवस गंगैकोंडचोळपुरम. आणि वाटेत तिरुविडैमरुदूरला थांबायचं, त्या अमरसिंगाकडे.

‘तिथे बघण्यासारखं फार नाही, पाट्टी,’ तो म्हणाला.

‘असू दे,’ आई म्हणाली, आणि काकूंसाठी मोगरा घ्यायला गाडी थांबवायला लावली.