शेवट सांगण्याचा अपराध

आम्ही सात-आठ शिक्षक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं सायंकाळीं शाळेच्या वाचनालयांत जमत असतों. प्रत्येकानें आपण वाचलेल्या एका पुस्तकाचें नांव सांगावें व इतरांनीं तें कां वाचावें हें पटवून द्यावें, एवढाच या मंडळाचा नियम. आरंभीं चरित्रें व प्रवासवर्णनें यांचीच चलती होती. परंतु तीन वर्षांपूर्वीं, निवृत्तीस आलेल्या आमच्या गणितशिक्षकांनीं रहस्यकथांचा विषय काढला आणि मंडळाचें वळणच बदललें.

प्रथम आम्हीं नाक मुरडलें, हें कबूल केलें पाहिजे. वास्तविक विद्यार्थिदशेंत बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' व 'काळा पहाड' यांच्या कथा भूगोलाच्या पुस्तकांत दडवून आम्हींच वाचल्या होत्या. अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील किती वसतिगृहाच्या अधीक्षकांनीं आमच्याकडून जप्त केल्या याची मोजदाद नाहीं. परंतु पदवी हातीं आली कीं मनुष्यास आपल्या जुन्या आवडींची उगीच लाज वाटूं लागते.

ती लाज विल्की कॉलिन्सच्या 'मूनस्टोन'नें घालविली. हें पुस्तक १८६८ सालचें. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणच्या पाडावांत एक इंग्रज अधिकारी मूळचा सोमनाथाचा पिवळा हिरा बळकावतो. सुमारें पन्नास वर्षांनीं तोच हिरा इंग्लंडांतील एका घरांतून, तरुण मुलीच्या वाढदिवसाच्या रात्रीं, नाहींसा होतो. ही हकीकत कोणी एकटा सांगत नाहीं. ज्यानें जेवढें पाहिलें तेवढेंच त्यानें लिहावयाचें. त्यांतला म्हातारा कारभारी बेटरेज अडचण आली कीं 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून जणूं कौलच घेतो. या म्हाताऱ्यावर आम्ही अर्धा तास बोललों व चोराविषयीं अवाक्षर काढलें नाहीं.

पुढच्या खेपेस मात्र घात झाला. रामायणाची स्तुति करतांना रावण मेला हें सांगितल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. रहस्यकथेचें तसें नाहीं. ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'विषयीं बोलतांना आम्हांस इतका उत्साह चढला कीं एक वाक्य अधिक बोलून गेलों. खोलींत शांतता पसरली. गणितशिक्षकांच्या पिशवींत तेंच पुस्तक होतें. शेवटचीं साठ पानें उरलीं होतीं. त्यांनीं तें बाहेर काढलें, खुणेचा कागद उचलला, घडी करून खिशांत ठेवला, आणि पुस्तक मिटलें. ज्या गृहस्थांनीं उभ्या हयातींत कोणा मुलास उत्तरांचें पान आधीं उघडूं दिलें नाहीं, त्यांच्यापुढें आम्ही हें केलें होतें.

पुढील शनिवारीं ते आले नाहींत. त्याच्या पुढच्याहि नाहीं. शेवटीं आम्ही ओशाळून त्यांच्या घरीं गेलों. गुरुजींनीं चहा सांगितला व तेंच पुस्तक आमच्या हातीं दिलें. पानोपानीं पेन्सिलीचे बारीक ठिपके होते.

"पुन्हा पहिल्यापासून वाचलें, मास्तर," ते म्हणाले. "उत्तर ठाऊक झालें तरी रीत तपासतां येते. बाईंनीं कोठें लबाडी केली आहे काय, तेवढें पाहिलें."

रोनाल्ड नॉक्स नांवाच्या एका पाद्री लेखकानें १९२९ मध्यें रहस्यकथेसाठीं दहा नियम घालून दिले होते. गुप्तहेरास सांपडलेली खूण वाचकापासून लपवूं नये, हा त्यांतीलच एक. गुरुजींनीं त्या कसोटीनें वाक्य न् वाक्य पारखलें होतें. खरें डोळ्यांपुढें असून आपण फसलों असतों, अशा १९ जागा त्यांस सांपडल्या.

"म्हणजे आपण आम्हांस क्षमा केली?" आम्हीं विचारलें.

"गणित सुटलें, तें निराळें," ते म्हणाले. "पण तीं साठ पानें मीं न जाणतां वाचलीं असतीं, ती रात्र कांहीं तुम्हांला परत देतां यावयाची नाहीं."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढील शनिवारीं ते आले. आम्हीं चेस्टर्टनच्या फादर ब्राऊनच्या गोष्टी त्यांच्यापुढें ठेवल्या आणि केवळ "वाचा" एवढेंच म्हटलें.

निवृत्त होतांना त्यांनीं आपली ती प्रत शाळेस दिली. ती खिडकीजवळच्या कपाटांत आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ती अवश्य मागावी. पालकांनींहि मागवून घेण्यास हरकत नाहीं. मात्र पहिल्या वाचनांत पेन्सिलीच्या ठिपक्यांकडे पाहूं नये, आणि आम्हांस कांहीं विचारूं नये.